मंडळ्या मोडल्या, उत्सवाचा रंगमंच का मोडावा?

करमणुकीच्या मोठ्या व्यापारात सन २०२४ हे साल मोडतोडीचे आणि जोडाजोडीचे ठरले. त्या वर्षी २२ जानेवारीला सोनी कंपनीने झी कंपनीशी ठरलेले विलीनीकरण रद्द केले. डिसेंबर २०२१ मध्ये करारावर सह्या होऊन दोन वर्षे ज्याच्या वाटाघाटी चालल्या, तो सुमारे दहा अब्ज डॉलरचा संसार मांडण्यापूर्वीच उधळला गेला. पुढे १४ नोव्हेंबरला रिलायन्स व डिस्ने यांनी भारतातील आपला वाहिन्यांचा व्यापार एकत्र केला. त्याची किंमत ७०,३५२ कोटी रुपये धरण्यात आली, आणि १४ फेब्रुवारी २०२५ पासून ‘जिओहॉटस्टार’ हे एकच दुकान जगापुढे उघडले. प्रेक्षक दिवाणखान्यातील पेटीसमोरून उठून हातातल्या फोनकडे वळला, त्याच्यामागून जाहिरातीचा पैसाही वळू लागला, आणि काल अजिंक्य वाटणाऱ्या कंपन्या आज एकमेकींचा आधार शोधू लागल्या, असा या घडामोडींचा सरळ अर्थ आहे.

या कोट्यवधींच्या उलाढालीचा बेळगाव, निपाणी, खानापूरच्या देवळांशी आणि त्यांच्या उत्सवांशी काय संबंध, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, संबंध आहे आणि तो निकटचा आहे. आमच्या सीमाभागातील उत्सव समित्यांच्या बैठकींत अलीकडे एक सूर वारंवार ऐकू येतो. “नाटकाला आता कोण बसतो? मराठी ऐकायची हौस असेल तर घरोघरी मालिका चालू आहेत. नाटकाच्या रात्रीचा खर्च वाचवावा, फार तर मालिकेतील एखादी नटी बोलावून सत्कार करावा, म्हणजे गर्दीही होईल.” या बोलण्याच्या मुळाशी दोन समजुती आहेत. पहिली अशी की, नवे यंत्र आले म्हणजे जुनी कला मरणारच, त्याला इलाज नाही. दुसरी अशी की, आपल्या भाषेचा आणि आपल्या कलेचा भार आता मोठ्या कंपनीने उचलला आहे, तेव्हा आपण मोकळे झालो. या दोन्ही समजुती खोट्या आहेत, आणि त्या खोट्या कशा ते आमच्याच मुलखाच्या इतिहासावरून दाखवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

करमणुकीची मोठी कंपनी ही वस्तू आम्हांस नवी नाही. ती आमच्याच अंगणात जन्मली आहे. उत्तर कानड्यातील कर्कीच्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते पाहून सांगलीकर चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसे काही मराठीत करण्यास सांगितले, आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. मराठी रंगभूमीची पहिली ठिणगी कानडी मुलखातून आली, ही गोष्ट सीमेच्या दोन्ही बाजूंच्या अभिमानी मंडळींनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्यांच्या ‘संगीत शाकुंतला’ने १८८० मध्ये पुण्यात संगीत नाटकाचे युग सुरू केले, ते अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांचा जन्मही तेथलाच, आणि १८८५ मध्ये त्यांनी देह ठेवला तोही तेथेच. केशवराव भोसल्यांची ‘ललितकलादर्श’ १९०८ साली स्थापन झाली ती हुबळीस. मंगेशीच्या देवळाच्या छायेत जन्मलेल्या दीनानाथांनी १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह ‘बळवंत संगीत मंडळी’ काढली. तेव्हा मंडळी कशी उभी राहते, कशी भरभराटते आणि कशी मोडते, याचा धडा घेण्यास आम्हांस मुंबईच्या शेअरबाजारात जाण्याचे कारण नाही.

या सर्वांत मोठी मंडळी गंधर्वांची. १९१३ मध्ये नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी ‘गंधर्व नाटक मंडळी’ स्थापिली. ‘स्वयंवर’, ‘एकच प्याला’ यांसारख्या नाटकांनी तिने महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोमंतक यांतील रसिकांस अक्षरशः वेड लावले. अहमदजान थिरकवांसारखा तबलानवाज तिच्या साथीला बसत असे. ज्याने बैठकीचा उंबरठा कधी ओलांडला नव्हता, अशा सामान्य दुकानदाराच्या आणि कारकुनाच्या कानी रागदारी पोचली ती या मंडळीमुळे. हे तिचे उपकार आम्ही विसरत नाही, आणि पुढील टीका वाचताना वाचकांनीही ते विसरू नयेत.

परंतु ही मंडळी मोडली कशाने? सर्वतोमुखी उत्तर ठरलेले आहे: “बोलपटाने मारली.” १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ आला, १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, आणि १९३४ च्या अखेरीस गंधर्व मंडळीने आपला पडदा पाडला. तारखा जुळतात, म्हणून कारणही जुळले असे लोक मानतात. तथापि हिशेबाची वही उघडणाऱ्याला निराळेच दिसेल. बोलपट यायच्या कितीतरी आधी, १९२० नंतरच्या पहिल्याच वर्षांत, मंडळी मोठ्या कर्जात बुडाली होती, आणि खुद्द बालगंधर्वांचा गळा ऐन बहरात असताना ती बुडाली होती. भरजरी शालू, खरी अत्तरे, उंची गालिचे, मोठा लवाजमा, आणि त्यावर मालकाचे उदार मन. नाटक मंडळी म्हणजे फिरते बिऱ्हाडच. नट, साथीदार, आचारी, गडी, पडदे, पेट्या, सर्वांसह रेल्वेने गावोगाव जावयाचे. खेळ होवो वा न होवो, पगार चालू. पावसाळ्यात थिएटर रिकामे असले तरी पंगत मांडावीच लागे. एवढा डोलारा एका माणसाच्या गळ्यावर उभा होता. टेंबे व बोडस एकामागून एक बाहेर पडले, आणि खर्चाला ‘पुरे’ म्हणणारे कोणी उरले नाही.

बोलपटाचा हिशेब निराळा होता, हे आम्ही नाकारत नाही. एकाच चित्राच्या प्रती एकाच रात्री दहा गावांत लागत. दिवसाला दोन-तीन खेळ होत. पडद्यावरच्या नटाला जेवावयास घालावे लागत नसे, आणि तिकीट स्वस्त पडे. थिएटरमालकांनी हा फरक ताबडतोब ओळखला आणि नाटकगृहांत भराभर चित्रपटाचे पडदे लागले. हा धक्का खराच होता. पण घर पडते तेव्हा वादळाला जेवढे बोल लावावेत, तेवढेच पोखरलेल्या तुळईलाही लावले पाहिजेत. मंडळीची तुळई वादळाच्या आधी पोखरली गेली होती.

आणखी एक गोष्ट पाहा. ज्या यंत्राने नाटकास मारले म्हणतात, त्या यंत्राकडे नाटकाची माणसे स्वतः चालत गेली. ‘अयोध्येचा राजा’मध्ये हरिश्चंद्राची भूमिका करणारे आणि त्याचे संगीत देणारे गृहस्थ कोण? गंधर्व मंडळीचे एक संस्थापक गोविंदराव टेंबे! ज्यांनी यंत्राचे शास्त्र समजून घेतले त्यांना त्याने मान दिला. उलट १९३४ मध्ये बळवंत मंडळींनी सांगलीत ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट काढला, आणि त्या धाडसातून ती सावरली नाहीत. स्वतः बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये १९३५ साली एकनाथ महाराज झाले, पण रंगमंचावरील स्त्रीभूमिकांचा तो सम्राट पडद्याशी पुढे रमला नाही. जुन्या वैभवाच्या जोरावर नवा धंदा एका उडीत काबीज करता येतो, ही मोठ्या मंडळ्यांची समजूत तेव्हाही खोटी ठरली.

बरे, यंत्र ज्यांच्या बाजूला होते त्यांचे काय झाले? ‘प्रभात’ १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात, म्हणजे निपाणीपासून हाकेच्या अंतरावर, जन्मास आली आणि १९३३ मध्ये पुण्यास गेली. १९३६ चा तिचा ‘संत तुकाराम’ मुंबईत एकाच थिएटरात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. यंत्र तिचे, पैसा तिचा, कीर्ती तिची. तरीही १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले, आणि १९५३ मध्ये ‘प्रभात’ बंद झाली. तिच्या जागेत १९६० साली सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट उघडली. तेव्हा तर दूरचित्रवाणी मुंबईस पोचलीही नव्हती. ती आली १९७२ साली. मग ‘प्रभात’ला कोणत्या यंत्राने मारले? येथे यंत्राचा पुरावा संपतो आणि माणसांचा सुरू होतो. जी संस्था थोड्या माणसांच्या एकोप्यावर आणि एका हंगामाच्या यशावर उभी असते, ती एकोपा तुटताच ढासळते, मग तिच्या हाती पडदा असो की कॅमेरा.

यंत्रावर सारे खापर फोडणाऱ्यांना आम्ही आणखी एक प्रश्न विचारतो. बोलपटाने संगीत नाटक मारले असेल, तर ते उरले कसे? ललितकलादर्शच्या बापूराव पेंढारकरांचे १९३७ मध्ये निधन झाले. १९४२ मध्ये त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी मंडळी पुन्हा उभी केली, आणि तिने १९५७ मध्ये ‘दुरितांचे तिमिर जावो’, १९६० मध्ये ‘पंडितराज जगन्नाथ’ ही नाटके गाजविली. हे बोलपटाच्या भर राज्यात घडले. रंगभूमीने जुना फिरता संसार टाकून दिला. नटाला वर्षाचा पगार देण्याऐवजी प्रत्येक प्रयोगाची ‘नाइट’ देण्याची पद्धत आली, आणि गावोगावचे कंत्राटदार प्रयोग विकत घेऊ लागले. डोलारा गेला आणि खेळ राहिला.

गोमंतकात तर याहून मोठा दाखला आहे. तेथील देवळांच्या उत्सवांत गावचीच हौशी मंडळी पिढ्यान् पिढ्या संगीत नाटके करीत आली आहेत. दिवसा दुकानात किंवा कचेरीत बसणारा माणूस रात्री प्राकारातल्या मंचावर अर्जुन होतो. त्याला पगार नाही, आणि म्हणून त्याची मंडळी दिवाळखोरही होत नाही. गोव्याची कला अकादमी आजही संगीत नाटकांच्या स्पर्धा भरविते, तेव्हा तीत उतरणारे संच याच हौशी मातीतून येतात. शेजारच्या कोंकणी तियात्राकडे पाहा. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत पहिले तियात्र झाले. मूकपट, बोलपट, रेडिओ, दूरचित्रवाणी, फोन हे सर्व त्यानंतर आले, आणि तियात्राचा प्रेक्षक आजही तिकीट काढून येतो. त्याला आपल्या गावची थट्टा, आपल्या पुढाऱ्याची खोडी आणि आपल्याच बोलीतले गाणे हवे असते. ते दुसऱ्या कोणाच्या दुकानात मिळत नाही. जो माल दुसरीकडे मिळत नाही, त्याला नव्या बाजाराचे भय कमी.

आता दुसऱ्या समजुतीकडे वळू: मराठीचा भार कंपनीने उचलला आहे, ही समजूत. १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ सुरू झाली, २००५ मध्ये तिचे नाव ‘झी मराठी’ झाले, आणि तिने व तिच्या स्पर्धकांनी मराठी घरास मराठी संध्याकाळ दिली हे खरे. २००८-०९ मध्ये लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेने घरोघरी पुन्हा नाट्यपदे गुणगुणली गेली, हेही खरे. जे चांगले ते चांगलेच म्हणावे. पण कंपनी कोणासाठी जगते? जो मोजला जातो त्याच्यासाठी. आपल्या देशात प्रेक्षकांची मोजणी ‘बार्क’ ही संस्था करते. पन्नास हजारांहून अधिक घरांत बसविलेल्या यंत्रांवरून ती साऱ्या देशाचा कल काढते, आणि जाहिरातदार त्या आकड्यांवरून पैसे ओततो. या मोजणीत मराठी वाहिन्यांची क्रमवारी ‘महाराष्ट्र व गोवा’ या बाजारपेठेवर मांडली जाते. बेळगाव आणि निपाणी कोठे येतात? कर्नाटकाच्या बाजारपेठेत.

याचा अर्थ वाचकांनी नीट समजून घ्यावा. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत दिवसभर राबून घरी आलेली बाई रात्री मराठी मालिका लावते. मराठी वाहिनी जो बाजार विकते, त्या बाजाराच्या हद्दीबाहेर तिचे घर आहे. कन्नड वाहिनीच्या लेखी ती त्या वेळी दुसरीकडेच बसलेली आहे. ती मन लावून पाहते, हसते, रडते. पण दोन्हीकडच्या वहीत तिचा भाव उणाच. यात कोणाचे कपट नाही. मुंबईत बसलेल्या कोणा अधिकाऱ्याने सीमाभागावर राग धरलेला नाही. हे अंकगणित आहे, आणि अंकगणिताशी भांडता येत नाही. म्हणूनच आम्ही म्हणतो की, ज्याच्या हिशेबात आपण धरलेले नाही, त्याच्या भरवशावर आपला रंगमंच रिकामा करणे हा शुद्ध अविचार होय. उद्या जाहिरातीचा ओघ आणखी आटला, दोन वाहिन्यांची एक करावी लागली, तर कात्री कोठे लागेल? जेथे मोजणी होत नाही तेथील आवडीनिवडी ध्यानात घेऊन कोणी मालिका लिहील काय? बेळगावची बोली, तिच्यातील कानडी हेल, खानापूर भागातील कोंकणीची छटा, यांना मुंबईच्या चित्रनगरीत फार तर विनोदी नोकराच्या तोंडी जागा मिळेल.

येथे आमच्यावर एक आक्षेप येईल. हे सर्व खरे असले तरी तरुण पिढी नाटकास बसत नाही, मग रिकाम्या खुर्च्यांपुढे कोणी नाचावे? आक्षेप पोकळ नाही. तिसरी घंटा रात्री बारा वाजता देणारे, पहाटेपर्यंत रेंगाळणारे, मध्येच सत्कार आणि देणगीदारांच्या नावांची यादी वाचणारे नाटक कोणी का पाहावे? सकाळी कामावर जाणाऱ्या माणसाचा आणि घर आवरून आलेल्या गृहिणीचा वेळ आम्ही स्वस्त मानला. तो फोनने महाग केला. ही शिक्षा योग्य आहे. पण आजाऱ्याला औषध द्यावयाचे सोडून त्याची खाटच विकावी, हा कोठला न्याय? नाटक नऊला सुरू करून बाराच्या आत संपवावे. सत्कार दुसऱ्या दिवशी प्रसादाच्या वेळी करावेत. आणि मुख्य म्हणजे मंचावर गावची मुलेमुली असावीत. ज्या घरची मुलगी सुभद्रा झाली आहे, त्या घरची माणसे फोन खिशात ठेवून पुढच्या रांगेत बसतात. हे सांगण्यास कोणत्याही मोजणी यंत्राची गरज नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. मालिकेतील पाहुणीच्या मानधनात, मोटारीत आणि मोठ्या ध्वनिक्षेपकात जो पैसा जातो, त्यातले काहीही गावात उरत नाही. पाहुणी तासाभरात निघून जाते. तेवढ्याच पैशात पडदे, रंगभूषा, पेटी-तबल्याची साथ आणि महिनाभराच्या तालमींचा चहा निघतो. आणि महिनाभर वीस मुले शुद्ध मराठी बोलण्याचा सराव करतात, ती मिळकत वेगळीच. सीमाभागात ज्या घरांतील मुले मराठी शाळेत जात नाहीत, त्यांना ही तालीमच एकमेव मराठी शाळा ठरू शकते. मराठीच्या हक्काविषयी वर्षातून एकदा कळकळीने बोलणाऱ्यांनी या तालमीकडे पाठ फिरवावी, ही विसंगती आम्हांस बोलून दाखवावीच लागते. फेब्रुवारी २०१५ मध्ये बेळगावात अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन भरले, फय्याज त्याच्या अध्यक्ष होत्या. असे संमेलन गावास भूषणच. पण ते येते आणि जाते. रंगभूमी जगते ती संमेलनानंतरच्या सामान्य वर्षांत, गावच्या मंचावर.

कोणी याला कन्नडविरोध म्हणू नये. ज्यांना पाहून भावे लिहिते झाले त्या कर्कीच्या भागवतांचे ऋण आम्ही आरंभीच मान्य केले आहे. एका रात्री मराठी नाटक, दुसऱ्या रात्री यक्षगान किंवा कोंकणी प्रवेश, असा उत्सव आमच्या देवळांना शोभून दिसेल. देव एका भाषेचा नाही. फोनलाही आमचा विरोध नाही. मुलांनी प्रयोगाचे चित्रण करावे आणि पुण्या-मुंबईस, परदेशी गेलेल्या गावकऱ्यांना दाखवावे. टेंब्यांनी यंत्राला भ्यायले नाही, आपणही भिऊ नये. यंत्र मात्र आपल्या खेळाच्या सेवेला असावे.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. केशवरावांना जाऊन शंभर वर्षे उलटली, तरीही ते नाट्यगृह जळताना कोल्हापूर हळहळले, कारण ती वास्तू गावाने आपली मानली होती. मंडळीचा मालक असतो आणि मालकाचे दिवाळे निघते. गावाच्या मंचाला मालक नाही, त्याला वारस आहेत. झी टिकेल की बुडेल, रिलायन्सचे दुकान आणखी वाढेल की आटेल, हे ज्याचे त्याने पाहावे. येत्या उत्सवाचा जमाखर्च ठरविण्यास समित्या बसतील तेव्हा नाटकाच्या रात्रीवर काट मारण्यापूर्वी त्यांनी एवढेच स्वतःस विचारावे: आपल्या मुलांना आपल्या भाषेत उभे राहून बोलण्याची दुसरी कोणती जागा आपण त्यांच्यासाठी राखून ठेवली आहे? याचे उत्तर ज्या समितीपाशी असेल, तिने नाटक खुशाल बंद करावे. आम्हांस अशी एकही समिती ठाऊक नाही.